सड्यावरचं गवत आणि गाईचा रिपोर्ट

रत्नागिरीच्या एका लॅबमध्ये माझी नोकरीची वर्षं माणसांच्या रक्तात गेली. माणसाचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, फिकट पिवळसर असतं. ते गडद दिसलं की हात आपोआप बिलिरुबिनकडे वळतो, कावीळ बघायला. त्यामुळे आमच्या तांबू गाईचं सीरम भाद्रपदात पहिल्यांदा नळीत पाहिलं तेव्हा मनात तेच आलं. माणसाचं असतं तर मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला ‘ह्याचं बिलिरुबिन आधी लाव’ म्हणाले असते. तांबू मात्र ठणठणीत होती. सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळमाळावर, चरून आली होती आणि गव्हाणीतलं आंबोण संपवून दुसऱ्या गाईच्या वाट्यात तोंड घालत होती.

तिचं रक्त काढायचं खरं तर काही कारण नव्हतं. डॉक्टर आले होते ते शेजारच्या म्हशीसाठी. व्यायल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात तिची लघवी लाल झाली, अगदी कोकमाच्या आगळासारखी. खाणं सुटलं, दूध आटलं, डोळ्यांच्या कडा पांढऱ्या पडल्या. आमच्याकडे लाल लघवी म्हटलं की पहिला संशय गोचिडांवर. गोचीडतापात तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी लाल होते, हे खरंच आहे. म्हणून डॉक्टरांनी आधी कानाच्या टोकाचं रक्त घेऊन काचपट्टी केली. मग मानेच्या शिरेतून नळ्या भरल्या. जमलंच आहे तर शेजाऱ्यांच्याच दुसऱ्या, धडधाकट म्हशीचं आणि आमच्या तांबूचंही घ्या, असं मी म्हटलं. डॉक्टर हसले, पण घेतलं. सीरम वेगळं करायचं काम माझ्याकडे आलं, कारण लॅबने मोडीत काढलेलं हाताने फिरवायचं सेंट्रिफ्यूज आमच्या माळ्यावर आहे.

तीन नळ्या स्टँडमध्ये शेजारी शेजारी उभ्या केल्या. तांबूचं सीरम पिवळंजर्द. धडधाकट म्हशीचं जवळजवळ पाण्याच्या रंगाचं. आजारी म्हशीचं तांबडं. तिन्ही जनावरं त्याच सड्यावर चरणारी, त्याच पऱ्याचं पाणी पिणारी. लॅबमध्ये तांबडं सीरम दिसलं की आम्ही आधी रक्त काढणाऱ्यावर वैतागायचो, कारण सुई बारीक असली किंवा नळी जोरात हलवली की पेशी फुटतात. इथे तसं नव्हतं. बाकीच्या दोन नळ्या त्याच हाताने, त्याच सुईने भरलेल्या आणि त्या स्वच्छ होत्या. म्हशीच्या पेशी तिच्या अंगातच फुटत होत्या.

पिवळ्या नळीचं आधी सांगते, ते सोपं आहे. हिरव्या गवतात कॅरोटिन नावाचं पिवळं रंगद्रव्य भरपूर असतं. गाईच्या आतड्यात त्यातल्या काहीचं अ जीवनसत्त्व होतं, उरलेलं तसंच रक्तात उतरतं आणि तिथून दुधातल्या स्निग्धांशात. म्हैस जवळजवळ सगळ्याचंच अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं सीरम फिकं, लोणी पांढरं आणि तूपही पांढरं. पोषणात म्हैस मागे आहे असा याचा अर्थ नाही. रंग दिसत नाही, इतकंच. ‘गाईचं तूप पिवळं म्हणजे जास्त सकस’ असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते, आणि त्यांना ते आवडत नाही.

तांबूचं रक्त पुढे वैशाखात पुन्हा पाहायला मिळालं, तेव्हा सीरम इतकं फिकं होतं की नळीवरचं नाव दोनदा वाचलं. आमच्या सासूबाईंना यात काहीच नवल वाटलं नाही. “श्रावणातलं तूप बघ नि शिमग्यानंतरचं बघ. त्यासाठी गाईला टोचायला कशाला हवं गो?” बरोबरच आहे त्यांचं. कॅरोटिनपुरतं तुपाचं भांडं हा पुरेसा रिपोर्ट आहे.

कोकणात गुरांच्या खाण्याचं वर्ष दोन तुकड्यांत पडतं, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. जून ते सप्टेंबर ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. जांभ्याच्या उघड्या कातळावरही वीतभर गवत उभं राहतं. दसरा-दिवाळीला ते फुलून पिकतं, तेव्हाच कापून उडव्या रचायच्या. भात झोडून झालं की पेंढा. कापणी आटोपली की गुरं उनाड सुटतात, सकाळी सोडायची आणि संध्याकाळी आपली आपण येतील तशी बांधायची. माघ-फाल्गुनात सड्यावर उरलेल्या कुसळीत अर्थ नसतो, त्यातही कुठे ना कुठे वणवा लागतोच. मग मिरगापर्यंत पेंढा, वाळलं गवत आणि मिळाला तर झाडपाला.

उन्हात वाळलेल्या गवतातलं कॅरोटिन बरंचसं जातं, पेंढ्यात तर नावालाच असतं. ई जीवनसत्त्वाचंही तसंच, ताज्या गवतात भरपूर आणि वाळवलं की घटतं. (ड जीवनसत्त्वाची गंमत उलटी आहे, कापलेल्या गवतावर ऊन पडलं की ते तयार होतं. आणि उन्हात फिरणारी गाय स्वतःच्या कातडीतही ते करतेच.) अ जीवनसत्त्वाचा साठा यकृतात राहतो आणि पावसाळाभर भरलेला साठा काही महिने पुरतो. म्हणून पौषात सीरम फिकं झालं तरी गाय लगेच आजारी पडत नाही. ओढाताण होते ती वैशाखात व्यायला झालेल्या गाभण गाईची. वासराला पोटात असताना वारेतून अ जीवनसत्त्व फारच थोडं मिळतं, खरा वाटा चिकातून येतो. चीक पिवळा असतो तो त्यामुळेच, गाय आपल्याकडचं कॅरोटिन त्यात ओतते. उन्हाळ्यात व्यायलेल्या, नुसत्या पेंढ्यावर राहिलेल्या गाईचा चीक पावसाळ्यातल्यापेक्षा फिका असतो. खरवस करणाऱ्या बाईला हे बघूनच कळतं. वासराला त्याचं पोटभर पाजल्याशिवाय खरवसाची भाषा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घरात यावरून वाद होतात.

आता तांबडी नळी. काचपट्टीवर गोचीडतापाचे जंतू नव्हते. सीरममधला फॉस्फरस खालच्या मर्यादेच्याही खाली होता. मोठ्या जनावरात तो डेसिलिटरला साधारण ४ ते ७ मिलिग्रॅम असावा. तांबड्या पेशीला आपला आकार टिकवायला जी ऊर्जा लागते ती फॉस्फरसशिवाय बनत नाही. तो फार घसरला की पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिन लघवीवाटे जायला लागतं. व्यायल्यावर पहिल्या महिन्यात दुधातून फॉस्फरसची गळती जोरात असते, म्हणून हे दुखणं नेमकं तेव्हा येतं आणि म्हशींत जास्त दिसतं. डॉक्टरांनी शिरेतून फॉस्फरस दिला, पुढचे काही दिवस तोंडावाटे. म्हैस वाचली. फक्त त्या वेताचं दूध पहिल्यासारखं आलं नाही.

पण भाद्रपदात? शेजारचे काका तेच विचारत होते. चहूकडे हिरवंगार, म्हैस दिवसभर चरते, मग कमी कशाचं पडलं?

उत्तर पायाखालच्या जांभ्यात आहे. आपली माती आम्लधर्मी, आणि तीत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरलेली. मातीला तांबडा रंग देणारं लोह तेच. ही ऑक्साइडं फॉस्फरस असा धरून ठेवतात की मुळांना तो सुटत नाही. त्यामुळे गवत हिरवं होतं, उंच होतं, कॅरोटिननं भरतं, पण मातीनेच न दिलेला फॉस्फरस ते आणणार कुठून? तांबूच्या सीरमचा पिवळेपणा आणि म्हशीच्या सीरमचा तांबडेपणा एकाच सड्याच्या गवतातून आला होता. ‘हिरवा चारा भरपूर आहे’ हे वाक्य म्हणूनच मला अर्धवट वाटतं.

पावसाळ्यात तर ही उणीव जास्त उघडी पडते. तेव्हा जनावर वाढत असतं, दूध देत असतं, त्याला फॉस्फरस जास्त लागतो. उन्हाळ्यात वाळक्या गवतात फॉस्फरस आणखी कमी असतो, पण तेव्हा प्रथिनं आणि पोटभर खाणं हेच अपुरं पडतं. वाढ थांबते, दूध आटतं आणि फॉस्फरसची मागणीही खाली येते. म्हणून खनिज मिश्रण ‘उन्हाळ्यात द्यायचं, पावसात गवत आहेच’ असं जे आमच्याकडे चालतं, ते मला नेमकं उलटं वाटतं.

गुरं हाडं चघळतात, दोरीवरचे कपडे चावतात, भिंतीची माती चाटतात, तेव्हा आपण त्यांना खोडसाळ ठरवून मोकळे होतो. दक्षिण आफ्रिकेत सर आर्नॉल्ड थायलर यांनी १९२० च्या आसपास याचा छडा लावला. तिथली गुरं कुरणात पडलेली हाडं खात आणि मग पाय लुळे पडून मरत. मरण येत होतं सडक्या हाडांतल्या जिवाणूंच्या विषामुळे, पण हाडं खाण्याची ओढ फॉस्फरस कमी असलेल्या गवतामुळे होती. आपल्याकडची हाड चघळणारी गाय पाहिली की मला तेच आठवतं. सासूबाईंची काठी तिच्या पाठीत बसायच्या आत मी आंबोणात खनिज मिश्रण टाकून येते.

या बाबतीत कोकणातल्या माणसाच्या दारातच एक चांगली गोष्ट पडून असते, ती म्हणजे भाताचा कोंडा. गिरणीतला बारीक कोंडा, तूस नव्हे. पेंढ्यात किलोमागे फॉस्फरस १ ग्रॅमच्या आसपास, दुभत्या जनावराला खाण्याच्या दर किलो कोरड्या भागामागे लागतो ३ ग्रॅमच्या आसपास, आणि कोंड्यात असतो किलोमागे १३ ते १६ ग्रॅम. तो बहुतेक फायटेट नावाच्या संयुगात बांधलेला असतो. माणसाला तो फारसा लाभत नाही, पण गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव फायटेट फोडतात आणि तो मोकळा करतात. अडचण दोन प्रकारची. कोंड्यात कॅल्शियम अगदी थोडं, त्यामुळे नुसता कोंडाच चारत राहिलं तर दुसरीकडे खड्डा पडतो. आणि त्यातल्या तेलामुळे तो लवकर खवट होतो. शेजारच्या काकांकडे कोंडा होता. तो कोंबड्यांना जात होता.

कॅल्शियमचं प्रकरण वेगळंच आहे, आणि रिपोर्ट वाचणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. गाईच्या रक्तात ते डेसिलिटरला ८ ते १० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, माणसापेक्षा फार वेगळं नाही. चांगल्या कुरणावरची गाय घ्या की पेंढ्यावरची घ्या, आकडा जवळजवळ तोच येतो. कारण गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी तो हलू देत नाहीत. खाण्यातून कमी आलं की हाडांतून काढतात, आतड्यातून जास्त ओढून घेतात. गाय वर्षानुवर्षं हाडं झिजवत असेल आणि रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापून येईल. माणसांच्या लॅबमध्येही कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून हाडांच्या बाबतीत निर्धास्त झालेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात.

ही राखण एकाच वेळी कोसळते, व्यायल्यावर. मोठ्या संकरित गाईच्या रक्तरसात एका वेळी सगळं मिळून ३ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि १० लिटर चिकातून २३ ग्रॅमच्या आसपास बाहेर जातं. हाडांचं कोठार उघडायला दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्यात आकडा घसरतो, गाय थंड पडते, मान पोटाकडे वळवून बसते. दुग्धज्वर म्हणतात, पण अंगात ताप नसतो. वाडीत दोन वर्षांपूर्वी आलेल्या जर्सीला हे झालं. तिच्या शेजारीच बांधलेल्या गावठी गाईला कधी झालेलं नाही.

यात गावठी गाईचं कौतुक करण्याचा मोह होतो, आणि थोडं करायलाही हरकत नाही. कोकण कपिला म्हणून ज्या जातीची २०१८ मध्ये राष्ट्रीय नोंद झाली ती हीच आपली लहानखुरी, डोंगर चढणारी, ऊन-पाऊस सोसणारी गाय. पण ती दोनेक लिटर दूध देते. जर्सी आठ-दहा देते. सड्याचं गवत दोघींना सारखंच, दुधातून होणारा खर्च मात्र जर्सीचा चौपट-पाचपट. तांबूचा फॉस्फरस भाद्रपदात काठावर का होईना बसला, आणि तिच्या रक्तात काही जादू आहे म्हणून नव्हे, ती तेवढा बाहेर टाकत नाही म्हणून. जर्सीला फक्त चराईवर ठेवून ‘बघा, नैसर्गिक’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. जनावर आणायचं दुसऱ्या हवेतलं आणि खायला द्यायचं आपल्या कातळाचं, हे जमत नाही.

रक्तातल्या युरियाबद्दल थोडक्यात, कारण खाण्यातल्या प्रथिनांचा हिशोब तो सांगतो. आषाढातल्या कोवळ्या गवतात प्रथिनं जास्त असतात आणि पोटात ती झपाट्याने फुटून अमोनिया होतो. तो वापरायला सूक्ष्मजीवांना तितकी ऊर्जा मिळाली नाही की उरलेला यकृतात जाऊन युरिया बनतो. रक्तातला युरिया वाढला की दुधातलाही वाढतो, कारण तो सहज आरपार जातो. दुधात युरिया निघाला म्हणजे भेसळच, असं समजून कुणावर ओरडण्याआधी हे लक्षात घ्यावं. निर्भेळ दुधातही तो असतोच, म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने दहा लाख भागांत ७०० भाग अशी मर्यादा ठेवलीय. वैशाखात चित्र उलटं. पिकल्या गवतात आणि पेंढ्यात प्रथिनं ३-४ टक्क्यांवर येतात आणि रक्तातला युरिया तळाला जातो. तांबूच्या वैशाखाच्या रिपोर्टात मला खुपला तो हाच आकडा. मी तिच्या आंबोणात सरकी पेंड वाढवली. फणसाचा पाला आणि बांधावरच्या शेवरीचा पालाही सुरू केला, म्हणजे कॅरोटिनचंही काहीतरी होईल.

मॅग्नेशियमची राखण करायला कॅल्शियमसारखं कुठलं हॉर्मोन नाही. रोजच्या खाण्यातून येईल तेवढंच. कोवळ्या गवतात पोटॅशियम जास्त असलं की मॅग्नेशियम कमी शोषलं जातं. तांब्याचं उलट, यकृतातला साठा संपेपर्यंत रक्तातला आकडा बराच काळ तग धरतो. आपल्या तांबड्या मातीतलं लोह आखूड गवताबरोबर पोटात जातं, आणि जास्त लोह तांब्याच्या आड येतं. काळ्या गाईचे केस भुरके पडायला लागले तर मी आधी तिकडे बघेन.

गोळाबेरीज करायची तर रक्ताचे आकडे एका पट्टीने वाचता येत नाहीत. कॅरोटिन, युरिया, मॅग्नेशियम हे कुरणाबरोबर चढतात-उतरतात. कॅल्शियम आणि तांबं शेवटपर्यंत सगळं आलबेल असल्याचं दाखवतात. फॉस्फरस मधला, आणि नाजूकही. सीरम गुठळीवर तसंच राहिलं तर तो खोटाच वर जातो. मानेच्या शिरेतून घेतलं तर शेपटीच्या शिरेपेक्षा थोडा कमी येतो, कारण लाळग्रंथी डोक्याकडच्या रक्तातून तो उचलतात. गाय रोज लाळेवाटे भरपूर फॉस्फरस पोटात सोडते आणि पुन्हा शोषून घेते.

एका गाईच्या एका रिपोर्टवर विसंबू नये, हे इंग्लंडमधल्या कॉम्प्टनच्या संशोधकांनी १९७० मध्ये व्यवस्थित मांडलं. जॅक पेन आणि सहकाऱ्यांनी कळपाची रक्ततपासणी बसवली ती गटागटाने, जास्त दूध देणाऱ्या सात, मध्यम सात, भाकड सात. एकीचा आकडा चुकू शकतो. सातही एका बाजूला झुकल्या तर खाण्यातच खोट आहे असं धरायचं.

आमच्या वाडीत कुणाकडेच एकवीस गाई नाहीत. पण सगळ्यांच्या मिळून दुभत्या सात निघतात, आणि येत्या भाद्रपदात त्यांचं रक्त एकाच सकाळी घ्यायचं असं काकांनी मनावर घेतलंय. फॉस्फरस, युरिया आणि मॅग्नेशियम एवढंच बघायचं, कॅल्शियमवर पैसे घालवायचे नाहीत. जर्सीवाल्यांना ते पटत नाही, त्यांना सगळ्या तपासण्या हव्यात. सासूबाईंची अट एकच, तांबूच्या मानेला पुन्हा सुई लागता कामा नये. मग सातही जणींचं शेपटीच्या शिरेतूनच घ्यावं लागेल, नाहीतर फॉस्फरसची तुलना व्हायची नाही. डॉक्टर तयार आहेत. शेपटी धरायला माणसं लागतील.